द्विभाषिक घर आणि मुलाचे उशिरा बोलणे : एका कारणमीमांसेचा इतिहास

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आईबापांना जे प्रश्न विचारले जातात त्यांत घरात किती भाषा बोलल्या जातात हा एक असतो. दोन भाषा आहेत असे कळले की पुष्कळदा सल्ला तयारच असतो : एक भाषा सोडा, मुलाचा गोंधळ होतो आहे. हा सल्ला शेजारीण देते, बालवाडीतील शिक्षिका देते आणि कधीकधी वैद्यकीय व्यावसायिकही देतो. जी भाषा सोडावयाची ती बहुधा आईची अथवा आजीची असते, शाळेची कधीच नसते. या सल्ल्याच्या मागे शास्त्र आहे असा सर्वसाधारण समज आहे. एके काळी तसे शास्त्र होतेही. त्याची मापे होती, कोष्टके होती, प्रबंध होते. ते शास्त्र मोडीत निघाल्याला साठ वर्षे होऊन गेली. सल्ला मात्र राहिला. हे शास्त्र कसे उभे राहिले, कोठे चुकले आणि त्या चुकीमुळे भाषाविलंबाची खरी कारणे किती काळ झाकली गेली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. भाषाविलंब म्हणजे समवयस्कांच्या मानाने भाषेची समज अथवा उच्चार-रचना मागे पडणे. त्याच्या संदर्भात ज्यांना जोखमीचे घटक म्हणतात, ते कारणे असतातच असे नाही. एखादी गोष्ट विलंबाबरोबर वारंवार आढळते एवढेच जोखीम या शब्दाने सांगितले जाते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीला जन्म देते असे ठरत नाही, हा तर्कशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. तथापि ज्या विषयात मते आधीच बनलेली असतात तेथे हा पाठ सर्वांत आधी विसरला जातो.

मते आधीच बनलेली होती, याचा पुरावा वेल्समध्ये सापडतो. १८४७ साली वेल्समधील शिक्षणाची चौकशी करून तीन आयुक्तांनी ब्रिटिश सरकारला अहवाल सादर केले. तिघांपैकी एकालाही वेल्श भाषा येत नव्हती. वेल्श लोकांचे अज्ञान, दारिद्र्य व नीतिभ्रष्टता यांच्याशी त्यांच्या भाषेचा संबंध या अहवालांनी जोडला. ही भाषा म्हणजे प्रगतीच्या वाटेवरील मोठा अडसर होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. वेल्समध्ये हे अहवाल आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ या नावाने ओळखले जातात. पुढे १८९० साली एडिंबरोचे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक एस. एस. लॉरी यांनी केंब्रिज येथील व्याख्यानांत असे प्रतिपादिले, की मूल दोन भाषांत सारख्याच सहजतेने वावरू लागले तर त्याची बौद्धिक व आत्मिक वाढ दुप्पट होण्याऐवजी निम्मी होईल. या विधानास कोणत्याही मापनाचा आधार नव्हता. तसा आधार हवा असे त्या वेळी कोणाला वाटलेही नाही.

भाषाशास्त्रज्ञांकडे मात्र निरीक्षणाची एक वेगळी परंपरा होती. १९१३ साली झ्यूल रोंझा यांनी आपल्या मुलाच्या भाषाविकासाची नोंद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. बाप फ्रेंच, आई जर्मन. मोरिस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानुसार प्रत्येकाने मुलाशी केवळ आपलीच भाषा बोलावयाची असा नेम या घरात होता. मुलगा लुई दोन्ही भाषा वेळेवर शिकला; त्याच्या वाढीत कोणताही व्यत्यय रोंझा यांना दिसला नाही. वेर्नर लिओपोल्ड यांनी आपली कन्या हिल्डेगार्ड हिच्या जर्मन-इंग्रजी विकासाचा जो चार खंडांचा अभ्यास १९३९ ते १९४९ या काळात प्रकाशित केला, तो आजही या शाखेत आदर्श मानला जातो. परंतु या दोन ग्रंथांच्या मधल्या काळात, १९२२ साली, ऑटो येस्पर्सन यांनी आपल्या भाषाविषयक प्रसिद्ध ग्रंथात उलट मत नोंदविले : दोन भाषा शिकणारे मूल कोणतीच एक भाषा पूर्णत्वाने शिकत नाही आणि या दुहेरी श्रमात इतर गोष्टी शिकण्याची त्याची शक्ती खर्ची पडते. येस्पर्सन यांचा अधिकार एवढा मोठा होता, की एका वाक्यात मांडलेले हे मत रोंझा यांच्या संपूर्ण ग्रंथापेक्षा जड ठरले. रोंझा यांचे मूल सुशिक्षित घरातील एकुलते उदाहरण होते, हा आक्षेप खराच आहे. मात्र येस्पर्सन यांच्याकडे तेवढेही उदाहरण नव्हते, याची दखल त्या काळी फारशी कोणी घेतली नाही.

याच सुमारास बुद्धिमापनाच्या कसोट्या हाती आल्या आणि मतांना आकड्यांचे रूप प्राप्त झाले. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधील सात ते चौदा वर्षे वयाच्या सुमारे १४०० मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. ग्रामीण भागात द्विभाषिक मुलांचा बुद्ध्यंक एकभाषिक मुलांपेक्षा कमी भरला. शहरी भागात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. सेअर यांनी ग्रामीण मुलांच्या न्यूनतेचे कारण दोन भाषांमुळे मनात उद्भवणाऱ्या भावनिक संघर्षात शोधले. शहरातील मूल लहानपणीच इंग्रजी सवंगड्यांत मिसळते म्हणून तो संघर्ष लवकर मिटतो, अशी पुस्ती त्यांनी जोडली.

सेअर यांचे हे कोष्टक आज वाचणाऱ्यास त्यातील विसंगती प्रथमदर्शनीच जाणवते. द्विभाषिकत्व हेच जर न्यूनतेचे कारण असते, तर ते नगराच्या वेशीवर थांबले नसते. गावात जे दिसते व शहरात दिसत नाही, त्याचे कारण गाव व शहर यांतील भेदात शोधावयास हवे. ग्रामीण वेल्समध्ये वेल्श बोलणारी व केवळ इंग्रजी बोलणारी कुटुंबे एकाच आर्थिक स्तरातील होती काय? आईबापांचा व्यवसाय काय होता? मुले शाळेत किती दिवस येत होती? सेअर यांच्या तुलनेत या गोष्टींचा हिशेब नाही. म्हणजे फरक दोन गटांत होता हे खरे. परंतु त्या गटांत भाषेखेरीज आणखी पुष्कळ फरक होते, आणि भाषेवर बोट ठेवले गेले ते ती सर्वांत आधी कानावर पडते म्हणून. १९५९ साली डब्ल्यू. आर. जोन्स यांनी वेल्समधील मुलांचाच विचार करताना पालकांचा व्यवसाय जमेस धरला, तेव्हा गटांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. मधल्या छत्तीस वर्षांत सेअर यांच्या निष्कर्षाचा हवाला किती ग्रंथांत दिला गेला असेल, याची केवळ कल्पनाच केलेली बरी.

अटलांटिकच्या पलीकडे हाच प्रश्न अधिक कठोर रूपात उभा राहिला. तेथे वेल्ससारखी जुनी स्थानिक भाषा नव्हती. बोटींतून उतरणारे परकीय होते. एच. एच. गॉडर्ड यांनी एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना दुभाष्यांच्या साहाय्याने बुद्धिमापनाच्या कसोट्या दिल्या आणि १९१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की तपासलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन व रशियन लोकांत दर पाचांतील सुमारे चार मंदबुद्धी आहेत. तिसऱ्या वर्गाने समुद्र ओलांडून नुकत्याच उतरलेल्या माणसाने परक्या कसोटीला परक्या माणसासमोर कशी उत्तरे द्यावीत, हा प्रश्न या निष्कर्षाच्या आड आला नाही.

१९२६ साली फ्लोरेन्स गुडइनफ यांनी स्थलांतरित गटांतील शाळकरी मुलांचा विचार करताना असे दाखविले, की ज्या गटांत घरी परकी भाषा टिकून आहे त्यांचा सरासरी बुद्ध्यंक कमी आहे. घरातील परकी भाषा हे बौद्धिक मागासलेपणाचे एक प्रमुख कारण मानता येईल, हे त्यांचे वाक्य पुढे पुष्कळ ठिकाणी उद्धृत झाले. परंतु गुडइनफ यांनी स्वतः अधिक संभाव्य मानलेले स्पष्टीकरण निराळेच होते : ज्या गटांची बुद्धीच कमी ते नवी भाषा लवकर शिकत नाहीत. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ होते. एकात दोष भाषेचा, दुसऱ्यात वंशाचा. घर, दारिद्र्य, शाळा व कसोटीची भाषा यांना दोहोंपैकी कशातही स्थान नव्हते. १९२४ सालच्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातून होणारे स्थलांतर अमेरिकेने नुकतेच आखडते घेतले होते, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या मांडणीला श्रोते आयते का मिळाले ते उमगते.

आतापर्यंतचे संशोधन शाळकरी मुलांविषयी व बुद्ध्यंकाविषयी होते. अगदी लहान मुलांच्या भाषाविलंबाचा प्रश्न ज्या अभ्यासाने सरळ हाती घेतला, तो मॅडोरा स्मिथ यांचा १९३९ सालचा हवाई बेटांवरील अभ्यास होय. आयोवा येथे लहान मुलांच्या शब्दसंपदेवर त्यांनी केलेले काम प्रसिद्ध होते; वाक्यांची लांबी मोजून भाषेची प्रगती ठरविण्याची त्यांची पद्धती काटेकोर होती. हवाईमध्ये त्यांनी शाळापूर्व वयाच्या सुमारे हजार मुलांची वाक्ये टिपून घेतली. मुलांच्या घरी जपानी, चिनी, कोरियन, पोर्तुगीज, हवाईयन आणि फिलिपाईन बेटांवरील भाषा बोलल्या जात. इंग्रजीच्या बाबतीत ही मुले आयोवातील मुलांच्या तुलनेत फार मागे आहेत, असे त्यांना आढळले. या मागासलेपणाचा मोठा वाटा त्यांनी द्विभाषिकत्वाच्या पदरी टाकला.

या अभ्यासाकडे थोडे थांबून पाहणे इष्ट आहे, कारण पुढे लहान मुलांविषयीच्या सल्ल्याला जो शास्त्रीय आधार सांगितला गेला तो बव्हंशी याच धर्तीचा होता. पहिली गोष्ट म्हणजे तुलनेसाठी निवडलेली मुले हजारो मैल दूरच्या, वेगळ्या स्तरातील एकभाषिक मुले होती. दुसरी अशी, की हवाईतील उसाच्या मळ्यांवर निरनिराळ्या देशांचे मजूर एकत्र आल्याने इंग्रजीचे एक संमिश्र रूप तयार झाले होते, आणि भोवतालच्या थोरामोठ्यांकडून मुलांना जी इंग्रजी ऐकावयास मिळे ती हीच होती. या रूपाला स्वतःचे नियम आहेत हे भाषाशास्त्राने नंतर दाखवून दिले. स्मिथ यांच्या मोजणीत मात्र ती रूपे चुका म्हणून गणली गेली. मुले जे ऐकत होती ते बरोबर शिकत होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलांच्या दोन भाषांपैकी मोजली गेली ती एकच.

स्मिथ यांच्या प्रामाणिकपणाचा निर्देश येथे केलाच पाहिजे. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, हवाईतील चिनी वंशाच्या मुलांचा शब्दसंग्रह त्यांनी दोन्ही भाषांत मोजला. एका भाषेचे शब्द मोजले असता दिसणारे अंतर दोहोंची बेरीज केल्यावर बरेच कमी होते, हे त्यांच्याच आकड्यांवरून दिसते. त्यांचे एकंदर मत बदलले नाही. परंतु मत बदलावयास लावणारी पद्धती त्यांनीच पुढे ठेवली. ती पद्धती सर्वमान्य होण्यास पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

ही मोजणी कशी होते हे आपल्याकडच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. सांगलीकडील एखाद्या घरात आई कन्नड व बाप मराठी बोलतो असे समजू. दोन वर्षांचे मूल मराठीतील २८ व कन्नडमधील २२ शब्द बोलते. ‘दूध’ आणि ‘हालु’, ‘पाणी’ आणि ‘नीरु’ अशा दहा अर्थांसाठी त्याच्यापाशी दोन्ही भाषांतील शब्द आहेत. म्हणजे त्याचे एकंदर शब्द ५०, आणि त्याने नावे दिलेले अर्थ ४०. शेजारच्या एकभाषिक मुलापाशी ४५ शब्द असतील, तर केवळ मराठी मोजणाऱ्यास पहिले मूल २८ वर अडलेले, म्हणजे निश्चितच मागासलेले दिसेल. दोन्ही भाषा मोजणाऱ्यास दोन मुलांत सांगण्याजोगे अंतर दिसणार नाही. चोवीस महिन्यांच्या मुलाची भाषा उशिरा उगवते आहे काय हे ठरविताना पन्नासपेक्षा कमी शब्द अथवा दोन शब्दांच्या जोडणीचा अभाव ही खूण लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये पुढे केली व ती सर्वत्र रूढ झाली. त्या पन्नासात कोणत्या भाषेचे शब्द धरावयाचे, यावर मुलाच्या माथी विलंबाचा शिक्का बसणे वा न बसणे अवलंबून असते.

१९९३ साली पिअर्सन, फर्नांडेस व ऑलर यांनी मायामीतील इंग्रजी-स्पॅनिश द्विभाषिक अशा २५ व एकभाषिक अशा ३५ मुलांची आठ ते तीस महिन्यांच्या वयातील शब्दसंपदा याच प्रकारे तपासली. दोन्ही भाषांचा एकत्र विचार केल्यावर द्विभाषिक मुलांचा विकास मंद आहे असे म्हणण्यास संख्याशास्त्रीय आधार मिळत नाही, असे त्यांनी नोंदविले. एकेका भाषेत शब्द कमी असू शकतात, हे या अभ्यासाने नाकारलेले नाही. दिवसाचे तास ठरलेले असतात. ते दोन भाषांत वाटले गेले म्हणजे एकेकीच्या वाट्याला कमी येतात. हा वाटणीचा हिशेब आहे, त्याला व्याधी म्हणता येणार नाही.

परंतु हे १९९३ चे झाले. शाळकरी मुलांच्या बाबतीतील वळण त्यापूर्वी तीस वर्षे येऊन गेले होते. १९६२ साली एलिझाबेथ पील व वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमधील फ्रेंच शाळांतून दहा वर्षांची १६४ मुले निवडली आणि सामाजिक-आर्थिक स्तर, वय व लिंग यांचा मेळ घालून एकभाषिक व द्विभाषिक गटांची तुलना केली. द्विभाषिक मुले शाब्दिक व अशाब्दिक अशा दोन्ही कसोट्यांत सरस ठरली. सेअर यांच्या परंपरेला एवढा उघड छेद यापूर्वी कोणी दिला नव्हता. या अभ्यासातही एक उणीव आहे. दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुलेच द्विभाषिक म्हणून घेतली गेली. तेव्हा हुशारीमुळे ती द्विभाषिक झाली की द्विभाषिक असल्याने हुशार, हे त्यातून ठरत नाही. द्विभाषिकत्वाचे अपार लाभ सांगणारे जे साहित्य नंतर प्रसिद्ध झाले, त्यातील बराच भाग सेअर यांच्याच चुकीची उलटी आवृत्ती आहे. तथापि स्तर समान ठेवला की न्यूनता उरत नाही, एवढा निष्कर्ष पील व लँबर्ट यांच्यानंतर टिकून राहिला.

न्यायालयात हा प्रश्न पोहोचला तो १९७० मध्ये. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना इंग्रजीतील बुद्धिमापनावरून मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसविण्यात आले होते. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासणी केली तेव्हा त्यांतील बहुतेक त्या मर्यादेच्या वर गेली. डायना विरुद्ध राज्य शिक्षण मंडळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात तडजोड होऊन मुलांची तपासणी त्यांच्या घरच्या भाषेतही करण्याचे राज्याने मान्य केले. कोष्टकातील चूक म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे त्या नऊ मुलांच्या वर्गावरून कळते.

भारताकडे वळताना एक गोष्ट नमूद करावी लागते. या संपूर्ण वादात एकभाषिक मूल हे प्रमाण व द्विभाषिक मूल हा अपवाद असे गृहीत धरलेले होते. ज्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २६ टक्के लोकांनी आपणास निदान दुसरी एक भाषा येते असे सांगितले, आणि जनगणनेत न मावणारी बोलींची सरमिसळ ज्यात धरलेलीच नाही, तेथे हे गृहीत लागू पडत नाही. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये ज्या गावाचे वर्णन केले ते सांगली जिल्ह्यातील कुपवाड होय. तेथील जैन व लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित व भूमिहीन मजूर मराठी, आणि दोर वळणारे तेलुगू. बहुतेक पुरुष एकाहून अधिक भाषा नित्य वापरीत. शतकानुशतकांच्या या सहवासाने कन्नड, उर्दू व मराठी या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की शब्दामागे शब्द ठेवून एकीचे दुसरीत रूपांतर करता यावे. हा अभ्यास मुलांचा नव्हता व विलंबाचाही नव्हता. परंतु अनेक भाषा ऐकल्याने मुलांची वाणी खुंटत असती, तर असे गाव पिढ्यान्‌पिढ्या नांदले असते काय, एवढा प्रश्न त्यावरून खचितच विचारता येतो.

मुलांचा प्रत्यक्ष अभ्यास अजित मोहंती यांनी ओरिसात केला, आणि पद्धतीच्या दृष्टीने तो सेअर यांच्या अगदी उलट टोकाला आहे. कंध या आदिवासी जमातीच्या काही भागांत कुई व ओडिया अशा दोन्ही भाषा बोलल्या जातात. काही भागांत कुई लुप्त होऊन केवळ ओडिया उरली आहे. जमात एक, चालीरीती एक, दारिद्र्यही जवळजवळ एकच. भेद तेवढा भाषेचा. सेअर यांना जी तुलना हवी होती ती येथे इतिहासानेच करून ठेवली होती. बौद्धिक व भाषाविषयक जाणिवेच्या कसोट्यांत द्विभाषिक कंध मुले मागे तर नव्हतीच, उलट पुढे होती. मोहंती यांचा या विषयावरील ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य विद्यापीठांतील पाठ्यपुस्तकांत माँट्रियलला जे स्थान मिळाले ते कंधांच्या गावांना मिळाले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतही ते क्वचितच मिळते.

मग मुले उशिरा बोलतात ती कशामुळे? द्विभाषिकत्व हे कारण नव्हे असे ठरल्याने विलंब नाहीसा होत नाही. ब्रूस टॉम्ब्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील ७,२१८ बालवाडीवयीन मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. श्रवण व बुद्धी ठीक असूनही भाषेचाच विशिष्ट दोष असणाऱ्या मुलांचे प्रमाण त्यांना ७.४ टक्के आढळले. ही सर्व मुले केवळ इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील होती. दर वर्गात सरासरी दोन मुलांना हा दोष असावा, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही घरी दुसरी भाषा नसावी, ही वस्तुस्थिती एक भाषा सोडण्याच्या सल्ल्याला पुरेसे उत्तर आहे.

तरीही एक शंका उरते. ज्या मुलात मुळातच दोष आहे त्याच्यावर दोन भाषांचा भार अधिक पडत नसेल काय? ही शंका रास्त आहे, आणि तिचा विचार सर्वांत उशिरा झाला. २००३ मध्ये जोहान पॅराडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषादोष असलेली सात वर्षांची आठ फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक मुले घेतली आणि त्यांची तुलना तसाच दोष असलेल्या २१ इंग्रजी व १० फ्रेंच एकभाषिक मुलांशी केली. क्रियापदाची काळवाचक रूपे वापरण्यात द्विभाषिक मुले आपल्या दोन्ही भाषांत एकभाषिकांइतकीच चुकत होती, अधिक नव्हे. संख्या लहान आहे. अशी मुले एकत्र मिळणेच कठीण असते. दोनच वर्षांनी डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांच्या बाबतीतही एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड यांना असेच आढळले. दोष असलेल्या मुलाची एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारते याला पुरावा मिळाला नाही. काढून घेतलेली भाषा आजीची असेल, तर त्या मुलाशी घरात सर्वाधिक बोलणारे माणूसच गप्प होते, हा तोटा कोष्टकात दिसत नाही.

जोखमीच्या खऱ्या घटकांची यादी त्या मानाने रुक्ष आहे. स्टीफन झुब्रिक व सहकाऱ्यांनी २००७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील १,७६६ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. चोवीस महिन्यांच्या वयात १३.४ टक्के मुलांची भाषा उशिरा उगवलेली होती. कुटुंबात पूर्वी कोणी उशिरा बोललेले असणे, मूल मुलगा असणे, ३७ आठवड्यांपूर्वी जन्म होणे अथवा जन्माच्या वेळी वजन अपेक्षेपेक्षा बरेच कमी असणे, हे घटक प्रभावी ठरले. आईचे शिक्षण, घरची मिळकत, आईची मनःस्थिती, संगोपनाची रीत यांचा या वयातील विलंबाशी संबंध जुळला नाही. त्याच वर्षी मेलबर्नमधील १,७२० मुलांच्या अभ्यासात शीना रायली यांना आढळले, की ज्ञात घटक सर्व एकत्र केले तरी दोन वर्षांच्या मुलांच्या भाषेतील भिन्नतेचा सात टक्क्यांहून अधिक उलगडा होत नाही. ज्या आईला तिच्या बोलण्यामुळे अथवा न बोलण्यामुळे मूल मुके राहिले असे ऐकावे लागले, तिला हा आकडा कोणी सांगितला असेल असे वाटत नाही.

आईकडे बोट दाखविण्याची सवय भाषेपुरती नव्हती. बेटी हार्ट व टॉड रिस्ली यांनी १९९५ साली कॅन्ससमधील ४२ घरांच्या नोंदींवरून गरीब घरांतील मुलांच्या कानांवर चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात, असा अंदाज मांडला. २०१९ मध्ये डग्लस स्पेरी व सहकाऱ्यांनी पाच निरनिराळ्या समूहांत तपासणी केली, तेव्हा तेवढी दरी दिसली नाही. आईखेरीज घरातील इतरांचे व मुलाच्या भोवती चाललेले बोलणे मोजले, की काही गरीब समूह पुढेही जात होते. आत्या, आजोबा, शेजारीपाजारी यांनी भरलेल्या घरात वाढलेल्या वाचकास हा शोध फारसा नवा वाटणार नाही. मुलाशी बोलणे महत्त्वाचे आहे हे दोन्ही पक्षांना मान्यच आहे. वाद आहे तो कोणाचे बोलणे जमेस धरावयाचे याचा.

या सर्वांत एक घटक असा आहे की तेथे कालापव्यय अक्षम्य ठरतो. दर हजार नवजात बालकांत एक ते तीन बालकांना जन्मतःच लक्षणीय श्रवणदोष असतो. बहिरे मूलही पहिले काही महिने हुंकारते, हसते, आवाज काढते. म्हणून घरच्यांना संशय येत नाही. क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी १९९८ मध्ये कोलोरॅडोतील १५० श्रवणबाधित मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ७२ मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला होता, ७८ मुलांचा त्यानंतर. लवकर ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा लक्षणीय रीतीने चांगली होती, आणि हा फरक दोषाची तीव्रता, लिंग वा घरची परिस्थिती काहीही असली तरी कायम राहिला. द्विभाषिक घरातील बहिऱ्या मुलाला ‘एक भाषा सोडा आणि वर्षभर वाट पाहा’ असे सांगितले गेले, तर ते वर्ष नेमके यांतून वजा होते. जुन्या घरांत बाळगुटीत वेखंड उगाळून देत, जीभ सुटावी म्हणून. त्याने नुकसान झाले नसेल तर एवढ्याचसाठी, की त्याबरोबर आजीचे बोलणे बंद होत नसे. आधुनिक सल्ल्याने मुलाचे कान तपासण्याऐवजी आजीची भाषा बंद केली.

भारतात राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तीस व्याधी-दोषांची तपासणी या कार्यक्रमात ठरविण्यात आली, त्यांत जन्मजात बहिरेपण आहे, श्रवणदोष आहे व भाषाविलंबही आहे. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला व १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेला हा प्रदेश वारली, कोकणा, कातकरी व मल्हार कोळी यांचा आहे. घरी वारली, अंगणवाडीत पुस्तकी मराठी, तलासरीकडे गेल्यास कानावर गुजराती, अशी तेथील मुलाची भाषिक स्थिती असते. दोन वर्षांच्या अशा मुलाच्या आईला, ‘मूल किती शब्द बोलते?’ असा प्रश्न मराठीत विचारला जातो. ती बोटे मोजू लागते. त्यात वारलीतील शब्द धरावयाचे हे तिला कोणी सांगितले नसेल, तर ती बहुधा ते धरीत नाही.